जिम अ‍ॅबटची गोष्ट शाळेत सांगायचीय, समोर तसाच एक पोरगा बसलेला असणार, कशी सांगू?

पीटीसर_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत पीटी शिकवतो. बहुतेक पोरांचे आईवडील यंत्रमागावर नाहीतर विडीच्या कामात, घरात तेलुगू आणि शाळेत मराठी. गड्ड्याची यात्रा उरकली की आमचं गॅदरिंग असतं आणि त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी पोरांसमोर बोलायचं असतं. दरवर्षी बाहेरून पाहुणे येतात, यंदा मोठ्या बाई म्हणाल्या, सर तुम्हीच बोला, एखाद्या खेळाडूवर बोला, पोरं तुमचं ऐकतात. अर्धा तास आहे.

माझ्या डोक्यात लगेच जिम अ‍ॅबट आला. अमेरिकेचा बेसबॉल पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, जन्मापासून उजवा पंजा नाही, तरी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दहा सीझन खेळला आणि रिटायर झाल्यावर आता भाषणं देत फिरतो, कंपन्यांमध्ये, कॉलेजांत, सगळीकडं. त्याचे व्हिडिओ बघून मी वेडा झालोय. बॉल सुटला की लगेच हातात ग्लोव्ह, कितीदा स्लो करून बघितलं तरी परत बघावंसं वाटतं.

अडचणी दोन आहेत. पहिली ही की आमच्या पोरांना बेसबॉलचा ब माहीत नाही, पिचर म्हटलं की पिक्चर ऐकू येईल त्यांना. दुसरी मोठी आहे. सातवीत एक पोरगा आहे, त्याचा डावा हात जन्मापासून मनगटाच्या पुढं वाढलेलाच नाही. क्रिकेट खेळतो, बॉलिंग खरंच चांगली टाकतो, पण फिल्डिंगला पोरं त्याला कायम लांब कुठंतरी उभं करतात, जिथं बॉल येत नाही. मी स्टेजवरून अ‍ॅबट सांगायला लागलो की सगळ्या हॉलच्या माना त्याच्याकडं वळणार, मला आत्ताच दिसायलंय. सांगावं का नको? सांगायचं तर काय सांगायचं, काय सोडायचं? कुणाला बेसबॉलची माहिती असेल तर प्लीज लिहा, आणि स्वतः किंवा घरात कुणी असं असेल तर त्यांनी तर नक्की लिहा.

जुळेसोलापूरकर

सर नमस्कार. मी कामामुळं काही वर्षं अमेरिकेत होतो, तिथं बेसबॉलचं वेड लागलं ते आजवर सुटलं नाही, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी माणूस. जन्म १९६७, गाव फ्लिंट, मिशिगन राज्य. फ्लिंट म्हणजे मोटारीच्या कारखान्यांचं गाव, जनरल मोटर्स १९०८ साली तिथंच सुरू झाली आणि पुढं एकेक कारखाना बंद पडत गेला. आपण जुनी मिल, नरसिंग गिरजी मिल यांचं काय झालं ते बघितलंय, तेव्हा आपल्या पोरांना ते गाव समजावून सांगायला फार कष्ट पडणार नाहीत, आजोबांना विचारा म्हणायचं. जिम जन्मला तेव्हा आईवडील जेमतेम अठरा वर्षांचे. लहानपणी त्याला लोखंडी हूकवाला नकली हात बसवला होता, शाळेत पोरं घाबरायची, चिडवायची, शेवटी त्यानं तो लहानपणीच काढून ठेवला आणि परत घातला नाही. मग भिंतीवर बॉल मारायचा आणि परत येणारा पकडायचा, हाच खेळ, तासन् तास. जरा जमायला लागलं की भिंतीच्या अजून जवळ जायचा म्हणजे बॉल अजून लवकर अंगावर येणार.

पुढं मिशिगन युनिव्हर्सिटीकडून खेळला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या टीमबरोबर क्यूबाला गेला आणि हवानात त्यांच्याच लोकांसमोर त्यांना हरवलं, अमेरिकन पिचरनं क्यूबात जिंकायला २५ वर्षं लागली होती, फिडेल कॅस्ट्रो स्वतः त्याला भेटला. त्याच वर्षी पॅन अमेरिकन गेम्समध्ये उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा त्याच्याकडं. १९८८ ला सोल ऑलिम्पिकची फायनल, समोर जपान, पूर्ण मॅच त्यानं एकट्यानं टाकली आणि ५-३ नं जिंकली. बेसबॉल तेव्हा प्रदर्शनी खेळ होता म्हणून ते गोल्ड अधिकृत पदकांत धरत नाहीत, पण फायनल ती फायनलच.

मग कॅलिफोर्निया एंजल्सनं पहिल्याच राउंडमध्ये घेतला, आठवा नंबर, आणि १९८९ ला थेट मेजर लीगमध्ये उतरवला. सर हे पोरांना नीट सांगा, कारण बाकीचे बहुतेक सगळे आधी मायनर लीगमध्ये एक दोन तीन वर्षं घासतात, लांब लांब बसचा प्रवास करत, मग कुठं वर येतात. बरेच जण म्हणायचे हा सगळा पब्लिसिटीचा खेळ आहे, तिकिटं खपवायला आणलाय. तिकडं मॅचचा निकाल पिचरच्या नावावर लागतो, तर पहिल्याच सीझनला त्यानं १२ जिंकल्या १२ हरल्या, म्हणजे तिथल्या कुठल्याही चांगल्या नव्या पिचरसारखं, मग तोंडं बंद झाली. १९९१ ला १८ जिंकल्या, ११ हरल्या, ईआरए २.८९. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगला, एका पूर्ण मॅचमागं, पिचरनं सरासरी किती रन दिल्या (फिल्डरच्या चुकीच्या सोडून), कमी तेवढा भारी. त्या वर्षी आपल्या लीगच्या बेस्ट पिचरच्या मतदानात तो तिसरा आला.

आणि ४ सप्टेंबर १९९३, न्यूयॉर्क यँकीजकडून, क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर. बेसबॉलमध्ये एका टीमचे २७ आऊट असतात, ते २७ घेईपर्यंत समोरच्यांना एकही हिट मिळू दिला नाही. वॉकवर, म्हणजे चार खराब बॉल पडले म्हणून फुकट, बॅटर गेले, पाच जण, पण बॅटनं मारून एकालाही बेसवर, म्हणजे रन काढताना पोचायच्या टप्प्यावर, पोचता आलं नाही. क्लीव्हलँडच्या त्या टीममध्ये अल्बर्ट बेल, जिम थोमी, मॅनी रामिरेझ होते, नंतर कितीतरी पिचरांची झोप उडवणारी माणसं. पण मला त्याहून मोठी वाटते ती आधीची मॅच. सहाच दिवस आधी ह्याच क्लीव्हलँडनं त्याला धुतला होता, ७ रन, चौथी इनिंगसुद्धा पूर्ण होऊ दिली नाही. तोच पिचर, समोर तेच बॅटर, आणि मध्ये फक्त सहा दिवस. गोष्ट सांगायची तर इथून सुरू करा असं मी म्हणेन, हाताचं नावच काढू नका पहिली पाच मिनिटं.

डायमंडवरची_ताई

जुळेसोलापूरकर दादांनी करिअर मस्त लिहिलंय. मी सॉफ्टबॉल खेळले, शालेय स्पर्धांपासून युनिव्हर्सिटीपर्यंत, आता मुलींना शिकवते, तर मी ग्लोव्हचं सांगते कारण सर, तुमच्या अर्ध्या तासातलं खरं सोनं तिथंच आहे.

आधी पोरांना हे दाखवा की ग्लोव्ह बॉल टाकायच्या हातात नसतो, दुसऱ्या हातात असतो. उजव्यानं टाकणारा डाव्या हातात ग्लोव्ह घालतो. अ‍ॅबट डाव्यानं टाकायचा म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात पाहिजे, आणि तिथं तर पंजाच नाही. मग काय करायचा, ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर उलटा टेकवून ठेवायचा, खिळ्यावर अडकवल्यासारखा, बॉल टाकायचा, आणि हात खाली येता येताच डावा पंजा सरकन ग्लोव्हमध्ये. आता तो फिल्डर झाला. बॉल आला, ग्लोव्हमध्ये पकडला, लगेच ग्लोव्ह उजव्या काखेत छातीशी दाबायचा, डावा पंजा बाहेर ओढायचा, पंज्याबरोबर बॉल बाहेर, आणि बॅटर पोचायच्या आत फर्स्ट बेसला थ्रो. हे लिहायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी आधी बॅटर आऊट झालेला असायचा. हळू करून दाखवा, मग फास्ट करून दाखवा, पोरं आपोआप गप्प होतील.

आणि घाई का, तेही सांगा. पिचर बॅटरपासून ६० फूट ६ इंचावर असतो, म्हणजे साडेअठरा मीटर, आपली क्रिकेटची पिच २० मीटरच्या वर आहे. बॉल टाकल्यावर पिचर बॅटच्या तोंडासमोरच उभा असतो, सरळ अंगावर परत आला तर ग्लोव्ह हातात पाहिजेच, नाहीतर तोंड फुटेल. हात झाकून टाळ्या मिळवण्यासाठी नव्हतं ते, जीव वाचवायला आणि आऊट घ्यायला होतं.

समोरच्या टीम काय करायच्या माहितीये? बंट. म्हणजे बॅट फिरवायची नाही, बॉल नुसता हळूच पुढ्यात पाडायचा, म्हणजे पिचरला पळत येऊन उचलून थ्रो करावा लागतो. शाळेत असताना एका टीमनं त्याच्यासमोर एकामागून एक बॅटरला बंटच करायला लावला, ह्याला जमणारच नाही म्हणून, आणि ह्यानं एकेकाला आऊट करत टीमला गप्प बसवलं. आणि त्या नो-हिटरमध्ये नवव्या इनिंगला केनी लॉफ्टननं पहिल्याच बॉलला बंट मारायचा प्रयत्न केला, पब्लिकनं त्याला अशी हूट दिली! तो फाऊल, म्हणजे रेषेबाहेर गेला, मग लॉफ्टन ग्राउंडरवर, म्हणजे सरपटी बॉल मारून आऊट, पुढचा लांब मारून सेंटरला कॅच, आणि शेवटचा कार्लोस बायर्गा, शॉर्टस्टॉपकडं (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) ग्राउंडर, संपलं, ४-०.

मला स्वतःला लॉफ्टनचा राग येत नाही. बंट मारला म्हणजे त्यानं अ‍ॅबटला बाकीच्या पिचरसारखाच धरला. खेळात ह्यापेक्षा मोठा मान नाही असं मी माझ्या मुलींना सांगते. तुमच्या त्या पोराला लांब उभा करतात ना, तिथं दुखतंय बघा. त्याच्याकडं बॉल येऊच देत नाहीत.

नवी_पेठ_७७

सगळं छान आहे पण अमेरिकेचाच कशाला? आपल्याकडं चंद्रशेखर होता की. लहानपणी पोलिओ झाला, उजवा हात बारीक राहिला आणि त्याच हातानं ५८ टेस्टमध्ये २४२ विकेट घेतल्या, १९७१ ला ओव्हलवर ३८ रनमध्ये ६, इंग्लंडमध्ये आपण पहिल्यांदा सिरीज जिंकली ती त्याच्या जोरावर. पतौडीचा एक डोळा गेला तरी २१ व्या वर्षी कॅप्टन झाला. आणि लांब कशाला जाता, सचिन खिलारी आपल्या सांगोल्याला लागून आटपाडी तालुक्यातला, डावा हात निकामी, २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत सिल्व्हर आणलं १६.३२ मीटर टाकून. पोरांना जवळचं माणूस पटतं सर, माझं तरी मत असं आहे. बेसबॉल समजावण्यातच तुमची पंधरा मिनिटं जातील.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

सर तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, एरवी ह्या विषयावर मी बोलत नाही. माझा उजवा हात कोपराच्या खाली जन्मापासून नाही. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब, डिस्पॅच सगळं बघतो, लग्न झालंय, दोन मुलं आहेत, गाडी चालवतो. सांगायचं कारण एवढंच की आमची आयुष्यं अशीच साधी चालू असतात, लोकांना ते माहीत नसतं.

शाळेत असताना एक पाहुणे आले होते, असंच प्रेरणेवर भाषण. मध्येच त्यांनी मला स्टेजवर बोलवलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले ह्याच्याकडं बघा, ह्याला हात नाही तरी हा शिकतो, तुम्हाला दोन हात असून तुम्ही काय करताय. खूप टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर मला टीममध्ये कुणी घेतलं नाही, आदल्या दिवशीपर्यंत निदान पडलेला बॉल आणायला तरी बोलवायचे. माझ्याकडं बघून रडणारी माणसं मला लहानपणापासून खूप भेटली, माझ्याकडं बॉल टाकणारी फार कमी भेटली.

म्हणून माझं म्हणणं, गोष्ट सांगा, जरूर सांगा, पण त्या पोराला आधी एकट्याला बाजूला घेऊन विचारा. त्याला आवडेल का नाही ते तुम्ही आम्ही ठरवायचं नाही. आणि तुम्हाला दोन हात असून, हे वाक्य चुकूनसुद्धा तोंडात येऊ देऊ नका. ते वाक्य आलं की हॉलमध्ये बसलेला आमच्यासारखा पोरगा इतरांचा अभ्यास वाढवण्याचं साधन होऊन जातो.

नवी पेठ दादा, तुमची नावं सगळी मोठी आहेत, मला मान्य आहे. पण मला अ‍ॅबट जवळचा वाटतो त्याचं कारण वेगळं आहे. त्यानं उघड सांगितलंय की तो वर्षानुवर्षं हात खिशात घालून फिरायचा, फोटोत लपवायचा. एवढा मोठा खेळाडू. मी अजून लग्नकार्यात ग्रुप फोटोला मागच्या रांगेत जातो, तर मला माहितीये ते काय असतं. आणि त्याच्या मुलीची गोष्ट वाचली होती, ती बालवाडीत असताना तो तिच्या वर्गात आपल्या कामाबद्दल बोलायला गेला, पोरं प्रश्न विचारायलेत आणि त्याच्याच मुलीनं हात वर करून विचारलं, बाबा तुम्हाला तुमचा छोटा हात आवडतो का. आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला आवडतो, पण नेहमी आवडत नव्हता, सोपं नव्हतं, आयुष्य सगळ्यांना सारखं मिळत नाही हे त्या हातानं शिकवलं. मी हे वाचून माझ्या धाकट्याला विचारलं होतं तुला काय वाटतं माझ्या हाताबद्दल, तो म्हणाला काही नाही, आणि मोबाईल मागितला. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

पीटीसर_पूर्वभाग

टॉवेलवाला दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मनापासून आभार. त्या पोराशी आधी बोलतो, नक्की. ताई, ग्लोव्हचं वाचताना स्टाफरूममध्ये डस्टर घेऊन करून बघितलं, बाकीचे शिक्षक बघत राहिले.

नवी पेठ दादा, चंद्रशेखर आणि खिलारी दोघांचं नाव घेणारच, ते राहणार नाही.

आता एक शंका. गोष्टीचा शेवट कुठं करू? नो-हिटरवर थांबलं तर छान टाळ्यांचा शेवट होतो, पण मग त्याचं नंतरचं, भाषणांचं आयुष्य राहून जातं, आणि मुळात मी स्वतः भाषण द्यायला उभा आहे तर तो काय बोलतो ते मला समजून घ्यायचंय. बघितलं तर त्याचा एकूण रेकॉर्ड ८७ जिंकल्या, १०८ हरल्या. पोरं विचारणार, सर जास्त हरला की मग.

जुळेसोलापूरकर

सर पोरांनी हे विचारलं तर तुमचं भाषण यशस्वी झालं समजा, आणि नो-हिटरवर अजिबात थांबू नका.

१९९२ घ्या. ७ जिंकल्या, १५ हरल्या. आकडा बघून वाटेल वाईट वर्ष. पण ईआरए २.७७, आदल्या १८ जिंकलेल्या वर्षापेक्षाही चांगला! त्याच्या टीमचे बॅटर रनच काढत नव्हते, पिचर काय करणार. बॉलरनं ४ विकेट घ्याव्यात आणि आपली टीम ९० मध्ये ऑलआऊट व्हावी, पोरांना लगेच कळेल.

पण १९९६ ला असं काही कारण सांगता येत नाही. २ जिंकल्या, १८ हरल्या, ईआरए ७.४८. स्पीड गेला होता, बॉल जिथं पाहिजे तिथं पडत नव्हता, ज्याला मायनर लीग कधी बघावी लागली नव्हती त्याला पहिल्यांदा खाली पाठवलं. पुढच्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी टीमनं सोडून दिलं. वय २९. त्यानं खेळ सोडला. आणि मग १९९८ ला परत आला, ह्या वेळी मायनर लीगच्या अगदी खालच्या पातळीपासून, आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरांबरोबर, एकेक पायरी चढत शिकागो व्हाइट सॉक्सपर्यंत, आणि सीझनच्या शेवटी ५ मॅच जिंकल्या, एकही हरला नाही. १९९९ ला मिल्वॉकीकडून खेळला, तिथल्या लीगमध्ये तेव्हा पिचरलाही बॅटिंग करावी लागायची, त्याआधी दहा वर्षांत त्याच्यावर ती वेळ आली नव्हती. एका हातात बॅट धरून २१ वेळा उभा राहिला आणि २ हिट मारले, मेजर लीगमध्ये! त्या वर्षी पिचिंग मात्र परत घसरली, २ जिंकल्या ८ हरल्या, आणि संपवलं. हॉल ऑफ फेममध्ये नाही तो, आणि जायला पाहिजे होता असं मीही म्हणणार नाही, ती जागा आकड्यांची आहे.

आता भाषणं. मी त्याला प्रत्यक्ष ऐकलेलं नाही, व्हिडिओ आणि मुलाखती भरपूर बघितल्यात. पाच गोष्टींवर बोलतो, जुळवून घेणं, जिद्द, जबाबदारी, चिकाटी आणि विश्वास. इंग्रजीत त्या पाचांची पहिली अक्षरं जोडली की अ‍ॅडॅप्ट होतं, तिकडच्या कॉर्पोरेट भाषणांत असं काहीतरी लागतंच. ते आपल्या पोरांसमोर नाही सांगितलं तरी चालेल. मला त्याच्या बोलण्यात आवडतं ते दुसरंच, तो मोठ्या आवाजात बोलत नाही. स्टेजवर उड्या नाहीत, म्युझिक नाही, माझ्यामागं म्हणा नाही. आपल्याकडं प्रेरणा म्हटलं की हुतात्मा स्मृती मंदिरात माईक फाटेपर्यंत ओरडणारी माणसं येतात, त्यांच्यापुढं हा एखाद्या वर्गशिक्षकासारखा वाटतो. २-१८ बद्दल स्वतःहून बोलतो. आणि स्वतःपेक्षा जास्त बोलतो त्याला शिकवणाऱ्यांबद्दल, वडिलांबद्दल, आणि लहानपणी शाळेत क्लार्कसन नावाचे मास्तर होते त्यांच्याबद्दल. ह्या मास्तरांनी एका हातानं बुटाची नाडी कशी बांधता येईल ते आधी स्वतः शोधून काढलं, सराव केला आणि मग त्याला शिकवलं. सर तुम्ही स्टाफरूममध्ये डस्टर घेऊन जे केलंत ना, तेच की हे.

त्याचं दुसरं आयुष्य खरं तर खेळत असतानाच सुरू झालं होतं. गावोगावी मॅचच्या आधी किंवा नंतर आईबाप आपली अशी मुलं घेऊन त्याला भेटायला यायचे, पत्रांचे ढीग यायचे आणि तो उत्तरं लिहायचा. मॅच हरल्याच्या दिवशीसुद्धा भेटायचा. नंतर अमेरिकेच्या कामगार खात्याबरोबर अपंगांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणूनही त्यानं काम केलं. मग त्याला फक्त भाषणकार म्हणणं मला कमी वाटतं, त्या मुलांच्या भेटी हेच त्याचं खरं काम आणि त्यातून हळूहळू भाषणं आली असं मला वाटतं. ८७-१०८ वाल्या माणसाला आज लोक बोलवतात, आणि त्याच्यापेक्षा दुप्पट जिंकलेले कितीतरी पिचर कुणाला आठवत नाहीत.

नवी_पेठ_७७

बरं बाबा पटलं. २-१८ नंतर खालच्या लीगमध्ये परत जायचं, हे मला माहीत नव्हतं. मोठा खेळाडू एकदा वर खेळला की खाली उतरायला किती जड जातं ते आपण रणजीत बघतो. सर सांगा अ‍ॅबटच. पण खिलारीचा थ्रो प्रोजेक्टरवर दाखवाच, अर्धा मिनिट लागतंय.

पीटीसर_पूर्वभाग

काल पोराशी बोललो. मधल्या सुट्टीत, ग्राउंडच्या कडेला, बाकी कुणी नव्हतं. मोबाईलवर अ‍ॅबटचा व्हिडिओ दाखवला, काही बोललो नाही. त्यानं मागं घेऊन घेऊन बघितला. मग विचारलं की मी ह्यांच्यावर बोलणार आहे, तुला चालेल का, नको असेल तर दुसरं कुणीतरी घेतो. थोडा वेळ गप्प होता. म्हणाला, सांगा सर, पण सांगताना माझ्याकडं बघू नका. मी म्हटलं नाही बघणार, शब्द. आणि जाता जाता विचारायलाय, सर तो ग्लोव्ह कुठं मिळतो.

तर ठरलंय असं. सुरुवात ते सहा दिवस, आधी धुतला गेला मग नो-हिटर. मग ग्लोव्हचं प्रात्यक्षिक मी स्वतः करणार, कुणाही पोराला स्टेजवर बोलवणार नाही. मग १९९६, मग खालून परत वर, मग क्लार्कसन मास्तर. खिलारीचा थ्रो पण. आणि भाषण झालं की दुसऱ्या दिवसापासून पीटीच्या तासाला फिल्डिंगच्या जागा मी ठरवणार, रोज बदलून, कुणीही कायमचा लांब उभा राहणार नाही. हे मात्र भाषणात बोलणार नाही, सरळ करणार.

ताई, प्रात्यक्षिकासाठी तुमचा एखादा ग्लोव्ह दोन दिवस मिळेल का? इथं दुकानांत विचारलं तर विकेटकीपिंगचे दाखवायलेत.

डायमंडवरची_ताई

सर नक्की, केव्हाही या, आमची प्रॅक्टिस सकाळी असते. तुम्हाला अ‍ॅबटसारखं दाखवायचंय तर साधा, डाव्या हातात घालायचा ग्लोव्ह चालेल. तो डाव्यानंच टाकायचा आणि डाव्यातच ग्लोव्ह घालायचा, त्यामुळं उजव्यानं टाकणाऱ्यांचा नेहमीचाच ग्लोव्ह त्याला लागायचा. असे माझ्याकडं बरेच आहेत.

पण त्या पोराला हा चालणार नाही, हे लक्षात ठेवा. त्याचा डावा छोटा आहे, म्हणजे टाकणार उजव्यानं आणि पकडणार पण उजव्यानंच, त्याला उजव्या हातात बसणारा पाहिजे, डावखुऱ्यांसाठी बनवतात तो. आमच्या टीमकडं तसा एकच आहे आणि तो एका डावखुऱ्या मुलीचा आहे. मी पुण्यातल्या ओळखीच्यांना विचारून ठेवते, जुना मिळाला तर जास्त बरं, नवा लेदरचा फार कडक असतो, तेल लावून, बॉल आत ठेवून बांधून मऊ करायलाच दिवस जातात. त्याच्या पंजाचं माप घेऊन पाठवा, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आणि माप घेताना सगळ्या टीमचंच घ्या ना सर, एकट्याचं नको.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड

ताई, नवाच घ्यायचा झाला तर पैशाचं मी बघतो. कुणी दिला ते पोराला सांगायचं नाही.